लेकीच्या बाळंतपणाला चाललोय, हे अमेरिकेच्या इमिग्रेशनवर सांगायचं का?

पत्राचा गोषवारा: परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून ५८ वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. लेक-जावई अमेरिकेत नोकरीला आहेत. लेकीला डॉक्टरांनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिला इकडे येणं जमणार नाही. म्हणून ताई आणि त्यांचे मालक डिसेंबरअखेर तिकडे निघाले आहेत. दोघांनाही १० वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळाला आहे. विमानात बसायची ही पहिलीच वेळ. तिकीट काढून देणाऱ्या ओळखीच्या माणसाने सांगितलं, "तिथल्या एअरपोर्टवर बाळंतपणाचं नाव काढू नका, फिरायला आलो म्हणा, नाहीतर तिथूनच माघारी धाडतात." तसा मेसेजही त्याने मोबाईलवर पाठवला आहे. लेक म्हणते, खरं तेच सांग. ताई लिहितात, "खोटं बोलायला जीभ रेटत नाही, अन् खरं बोलले तर लेकीचं तोंड न बघता परत यावं लागंल, या धास्तीनं झोप नाही. इंग्रजी येत नाही. मालक सातवी शिकलेले, त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, कुणी उलटसुलट विचारलं की तापतात. डिंकाचे लाडू न्यावेत का तेही कळंना. जाऊ का नको?"

ताई, जा. आणि विचारलं तर लेकीच्या बाळंतपणाला आलोय, हेच सांगा.

त्या ओळखीच्या माणसाला तुमचं वाईट करायचं नाही, पण त्याने दोन गोष्टींची गल्लत केली आहे. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेने पर्यटक व्हिसाच्या नियमात एक बदल केला. बाळाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळावं, मुख्यतः एवढ्यासाठी तिथे जाऊन बाळंत होऊ पाहणाऱ्या बाईला हा व्हिसा द्यायचा नाही, असा तो बदल आहे. गरोदर बाई स्वतः पर्यटक म्हणून जाते तेव्हाची ही गोष्ट. तेव्हापासून 'व्हिसा' आणि 'बाळंतपण' हे शब्द जोडीने ऐकले की लोक घाबरतात. तुमची लेक तिथे नोकरीच्या परवान्यावर रीतसर राहते, आणि बाळंत ती होणार आहे. तुम्ही तिला भेटायला निघालेले आई-बाप आहात. नातेवाइकांना भेटणं हे तर पर्यटक व्हिसाच्या मान्य कारणांपैकीच एक आहे. लपवावं असं त्यात काही नाही.

आता खोट्याचा हिशेब मांडा. "फिरायला आलो" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: कुठे कुठे फिरणार? हॉटेल कोणतं? तीन महिने फिरायला पैसे किती आणलेत? तुमच्याकडे उत्तर नाही. बॅगेत बाळाची कुंची, दुपटी, बाळंतिणीचे लाडू. मोबाईलमध्ये "बाळंतपणाचं नाव काढू नका" हा मेसेज, आणि मोबाईल तपासायचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला आहे. खरं कारण पूर्ण कायदेशीर असताना ते लपवल्यामुळेच माणूस संशयात सापडतो. प्रवेशासाठी जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती दिली असं ठरलं, तर अमेरिकेच्या कायद्यात त्याला कायमची प्रवेशबंदी आहे. दुसऱ्या नातवाच्या वेळी, लेक आजारी पडली तर, केव्हाही ती आडवी येते. सूट मागता येते, पण ती वाट लांबची आणि खर्चिक.

लेकीचं म्हणणं बरोबर आहे. फक्त खरं कसं सांगायचं, यात एक खोच आहे, आणि ती मराठीतच दडलेली आहे. आपण सहज म्हणतो, "लेकीचं करायला चाललेय", "तिच्याकडं बाळंतपणाचं काम आहे", "बाळ सांभाळायला बोलावलंय". दुभाष्याने हे शब्दशः इंग्रजीत सांगितलं की ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं: ही बाई काम करायला आली आहे, कुणीतरी बोलावलं आहे. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, मोबदला घेऊन मूल सांभाळणंही त्यात आलं. कुणी आजी-आजोबा "लेक कामावर जाईल, मी घरी बाळ सांभाळीन" असं म्हणून बसले, की अधिकाऱ्याला वाटतं, यांना बिनपगारी आया म्हणून आणलं आहे. मग चौकशी लांबते. तेव्हा वाक्य असं ठेवा: "लेकीला भेटायला आलोय. जानेवारीत तिला बाळ होणार आहे. तिच्याजवळ राहू, नातवंड बघू, एप्रिलमध्ये परत जाऊ." यात एक अक्षर खोटं नाही आणि 'काम' हा शब्दही नाही.

पण वाक्य खरं ठरवायची जबाबदारी लेक-जावयाचीही आहे, म्हणून हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. बाळंतिणीला तेल लावणं, तिला गरम खाऊ घालणं, बाळाला अंघोळ घालणं हे आईने भेटीत केलं तर ती नोकरी होत नाही. पण लेकीची रजा संपल्यावर पाळणाघराचा खर्च वाचावा म्हणून तुमची तारीख पुढे ढकलत नेणं, मग तुम्ही निघालात की तिच्या सासूबाईंना बोलावणं, ही भेटीच्या नावाखाली केलेली व्यवस्था झाली. पुढच्या खेपेला अधिकारी आल्या-गेल्याच्या तारखा बघतो तेव्हा हे त्याला सरळ दिसतं. रजेनंतर बाळाला कोण बघणार, याचं उत्तर लेक-जावयाकडे तुमच्याशिवायचं असायला हवं. "बाळाला कोण सांभाळणार?" असा प्रश्न तुम्हाला येऊ शकतो. त्यावर "लेकीला रजा आहे, नंतर पाळणाघर ठरवलंय," असं खरोखर सांगता आलं पाहिजे.

व्हिसा १० वर्षांचा आहे म्हणजे १० वर्षं कधीही जा, कितीही राहा, असा समज आपल्याकडे घरोघर आहे. तो व्हिसा दारापर्यंत जायचा परवाना आहे. आत घ्यायचं का आणि किती दिवसांसाठी, हे पोचल्यावर काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. त्याच्या खात्याचं नाव कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, बोलताना सगळे सीबीपी म्हणतात. साधारणपणे ६ महिने मिळतात, पण कमीही देऊ शकतो. तिकिटाला एवढा पैसा घातलाय तर पुरे ६ महिने राहावं, असं घरात कुणीतरी म्हणेलच. पहिल्या खेपेला साडेतीन महिन्यांचं परतीचं तिकीट जास्त बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाळंतिणीचा सव्वा महिना त्यात आरामात निघतो, आणि "परत का जाणार?" याचं उत्तर तुमच्याकडे आपसूक आहे: मे महिन्यात नांगरट, पाळी, जूनमध्ये पेरणी. शेतकऱ्याच्या तोंडून येणारं हे कारण कुणालाही पटतं. सातबाऱ्याची इंग्रजी प्रत हवी तर एक ठेवा, पण गठ्ठा नको, आणि विचारल्याशिवाय पुढेही करू नका. परतीचं तिकीट मात्र हातातच हवं.

ईसीआरची चिंता सोडून द्या. तो शिक्का, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते अशी नोंद, १९८३ च्या स्थलांतर कायद्यातला आहे. कमी शिकलेल्या माणसाची नोकरीसाठी ठराविक देशांत जाताना फसवणूक होऊ नये, म्हणून तो आहे. अमेरिका त्या देशांत नाही, आणि तुमचे मालक नोकरीला निघालेले नाहीत.

निघण्याआधी एक काम करा. व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, डीएस-१६०, ज्याने भरला त्याच्याकडून भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या. त्यात भेटीचं कारण, लेकीचा पत्ता, खर्च कोण करणार, तुमचा व्यवसाय हे सगळं आहे. अधिकाऱ्याच्या पडद्यावर ती माहिती दिसू शकते. भरणाऱ्याने तुम्हाला न विचारता काहीबाही लिहिलेलं असतं, ते तुम्हाला तिथे कळायला नको. अर्ज भरला तेव्हा लेक दुसऱ्या शहरात राहत असेल, तर "आता घर बदललंय" एवढं सांगायचं. नाव पासपोर्टवर, व्हिसावर आणि तिकिटावर अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, तेही बघा. आपल्याकडे नवऱ्याचं नाव मधे येतं, ते एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावर नसतं. गावांच्या बदललेल्या नावांनी मात्र गडबडू नका. पासपोर्टवर जन्मठिकाण उस्मानाबाद असेल आणि आधारवर धाराशिव, तरी काही बिघडत नाही. तिथे पासपोर्टवर आहे तेच नाव सांगायचं.

आता प्रत्यक्ष वाट. परभणीहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशी विमान धरायचं, असं करू नका. एक मुक्काम आधी पोचा. हैदराबादहून तिकीट असेल तरी हेच. विमानतळाच्या दारातच जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, म्हणून तिकिटाची कागदी प्रत ठेवा. आतला क्रम असा: आधी विमान कंपनीच्या काउंटरवर मोठ्या बॅगा द्यायच्या, मग आपल्या देशाचं इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी. भारतीय प्रवाशांना जाताना भरावं लागणारं कार्ड जुलै २०१७ पासून बंद झालं आहे, कुणी शंभर रुपये घेऊन भरून देतो म्हणाला तर देऊ नका. मालकांचे गुडघे दुखत असतील तर विमान कंपनीकडे आधीच व्हीलचेअरची नोंद करून घ्या. नेणारा माणूस वाट दाखवतो, रांगेचं ओझं कमी होतं. पण प्रश्नांची उत्तरं त्याने नाही, तुम्हीच द्यायची.

अमेरिकेत विमान पहिल्यांदा जिथे उतरतं, तिथेच इमिग्रेशन होतं, लेकीचं शहर पुढे असलं तरी. तिथे मोठ्या बॅगाही स्वतः पट्ट्यावरून उचलायच्या आणि बाहेर पडताच पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. पहिल्यांदा जाणारे नेमके इथे चुकतात. बॅग आपोआप पुढे जाईल म्हणून सोडून देतात. दोन विमानांत तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर जावयाला सांगून आत्ताच तिकीट बदलून घ्या. एक अपवाद आहे. तिकीट अबुधाबीमार्गे असेल तर अमेरिकेची ही सगळी तपासणी अबुधाबीतच होते, कारण तिथे सीबीपीचं स्वतःचं ठाणं आहे. म्हणजे कागद, पत्ता, उत्तरं सगळं तिथेच तयार हवं.

काउंटरवर दोघांनी मिळून जायचं, एका कुटुंबाला एकत्र बोलावतात. पासपोर्ट कव्हरमधून काढून द्या. फोटोसाठी समोर बघायला सांगतील, चष्मा काढायला सांगतील. मग बोटांचे ठसे. ताई, हे जरा नीट वाचा, कारण कापूस वेचलेल्या, खुरपं धरलेल्या हातांना हीच अडचण येते. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही, दुकानदार पुसून पुन्हा लाव म्हणतो, तेच तिथे होऊ शकतं. बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, कातडी कोरडी असते, थंडीत आणखी भेगाळते. निघण्याआधी पंधरा दिवस रोज रात्री दोघांनीही बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा. त्या दिवशी मात्र हात धुऊन कोरडे करा, तेलकट बोट काचेवर घसरतं. चारही बोटं जुळवून सपाट टेकवायची, शेंड्यावर जोर द्यायचा नाही, मशीन सांगेपर्यंत हलवायची नाहीत. ठसा दोनदा-तीनदा घेतला म्हणजे संशय आला, असं नाही.

प्रश्न फार तर पाच-सहा असतात. कशाला आलात, कुणाकडे, लेक काय करते, किती दिवस, पैसे किती आणलेत, खाण्याचं काही आणलंय का. इंग्रजी न येणं हा गुन्हा नाही, रोज हजारो आई-बाप तसेच जातात. मोडक्या होकारांपेक्षा "नो इंग्लिश, मराठी" हे तीन शब्द बरे. हिंदी चांगली समजत असेल तर "हिंदी" म्हणा, दुभाषी लवकर मिळतो. अधिकारी फोनवरून दुभाष्याला जोडून घेतो. सगळ्यात घातक सवय म्हणजे न समजता मान हलवणं. "तुम्ही इथे काम करणार का?" या प्रश्नालाही माणूस 'येस' म्हणून बसतो. कळलं नाही तर "नो अंडरस्टँड" म्हणा, बेधडक म्हणा.

मालकांशी आधीच बोला. "पैसे किती आणलेत?" हा प्रश्न त्यांची ऐपत काढायला नसतो, तिथे तो प्रत्येकाला असतो. उत्तर: "अमुक डॉलर, बाकी खर्च लेक-जावई करतात." दोघांनी मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख नेली तर ती लिहून सांगावी लागते. जेवढं विचारलं तेवढंच बोलायचं. शेती करतो म्हटलं की किती एकर, पाणी किती, सोयाबीन कसं गेलं, हे सुरू करायचं नाही. मी लपवायला सांगत नाही, विचारलं की सगळं खरं सांगायचंच. घरी जावयाला व्हिडिओ कॉलवर अधिकारी करून दोघांनी चार-पाच वेळा सराव करा. उत्तरं पाठ करून नाही, पाठांतर ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

कधी कधी अधिकारी पासपोर्ट ठेवून घेतो आणि दुसऱ्या खोलीत बसायला सांगतो. याला सेकंडरी म्हणतात. ही अटक नव्हे. नावाशी नाव जुळलं, दुभाषी हवा, उत्तर नीट कळलं नाही, अशा साध्या कारणांनीही पाठवतात. अर्धा तास लागतो, कधी दोन-तीन तासही. मोबाईल वापरू देत नाहीत, म्हणून लेकीचं नाव, पत्ता, तिचा आणि जावयाचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवा. लेकीचं एक साधं पत्रही असू द्या: आई-वडील कोण, किती दिवसांसाठी, कुठे राहणार, खर्च कोण करणार, आपल्या नोकरीचा परवाना कोणता. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. लेकीलाही आधी सांगून ठेवा, म्हणजे अवघडलेली पोर बाहेर घाबरायची नाही. जावयाने फोन उचलायला तयार राहावं, अधिकारी तिकडून खात्री करून घेतो.

फार क्वचित गोष्ट वाईट वळणावर जाते. तेव्हाची एक गोष्ट लक्षात ठेवा: कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो दुभाष्याकडून पूर्ण ऐकायचा. तुमचा जबाब लिहून घेतला असेल आणि तुम्ही न बोललेलं त्यात असेल, तर तिथेच दुरुस्त करायला सांगायचं. प्रवेश नाकारून सक्तीने परत पाठवलं तर साधारण ५ वर्षांची बंदी येते. स्वतःहून अर्ज मागे घ्यायची परवानगी दिली, तर बहुधा व्हिसा रद्द होतो, पण ती ५ वर्षांची बंदी लागत नाही. ही सवलत द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याच्या हातात असतं.

आता लाडू. न्या. पण खसखस घालू नका. अफूच्या झाडाचं बी म्हणून संयुक्त अरब अमिराती आणि सौदीत खसखशीवर बंदी आहे, आणि तिथला कायदा अमली पदार्थांच्या बाबतीत फार कडक आहे. विमान आखातातून जाणार असेल तर खसखस लाडवातही नको, मसाल्यातही नको. डिंक, खारीक, सुंठ, गूळ यांचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, बरणीबंद लोणचं चालू शकतं. हळीव, मेथी यांचे दाणे सुटे नेऊ नका, पेरायचं बियाणं समजून अडकवतात, लाडवातच घाला. तांदूळ आणि हरभरे अजिबात नको, साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने भारतातून आलेल्या प्रवाशांच्या सामानात त्यांना मनाई आहे. कढीपत्ता, लिंबू, हिरवी मिरची, ओलं आलं, पेढे, खवा, सुकट घरीच ठेवा. ज्वारीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानात मिळतं. आणि जे काही नेताय ते "होय, खाण्याचं आहे" म्हणून सांगायचंच. सांगितलेली वस्तू चालत नसली तर फार तर काढून घेतात, दंड होत नाही. न सांगता सापडली तर पहिल्या वेळेलाही साधारण ३०० डॉलर दंड होऊ शकतो. डब्यावर चिठ्ठी चिकटवून इंग्रजीत काय आहे ते लेकीकडून लिहून घ्या.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी लेकीला सीबीपीच्या वेबसाइटवर तुम्हा दोघांचा आय-९४, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीचा दाखला, काढायला लावा. आता तो कागदी नसतो, पासपोर्टवर शिक्काही असेलच असं नाही. नाव, पासपोर्ट नंबर आणि कधीपर्यंत राहता येईल ती तारीख बघायची. दोघांच्या तारखा वेगळ्या पडू शकतात. राहायची मुदत ही तारीख सांगते, व्हिसावरची नाही. ती ओलांडली की व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून परत आलं तर ३ वर्षांची बंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलं तर १० वर्षांची. बाळ-बाळंतिणीच्या तब्येतीमुळे खरोखरच थांबावं लागलं, तर मुदत संपायच्या आधी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज करायचा.

परतताना अमेरिकेत इमिग्रेशनचा वेगळा काउंटर लागत नाही. तुम्ही बाहेर पडलात ही नोंद विमान कंपनीकडून जाते. क्वचित ती राहून जाते, म्हणून परतीचे दोघांचे बोर्डिंग पास फेकू नका, पासपोर्टात घालून पुढच्या खेपेपर्यंत सांभाळून ठेवा.